साठीनंतर वजन उतरवा, पण पायांतली ताकद राखून

साठी ओलांडलेल्या माणसाला डॉक्टरांनी "वजन कमी करा" असे सांगितले की घरोघरी साधारण एकच उपाय होतो. दुपारचा भात निम्मा होतो आणि रात्रीचे जेवण पेजेवर येते. तीन महिन्यांत काटा चार किलो खाली येतो, भेटेल तो "बरे उतरलात" म्हणतो, आणि त्याच सुमारास खुर्चीतून उठताना हाताचा टेकू घ्यावा लागतो. हा योगायोग नसतो. व्यायामाची जोड न देता नुसते खाणे घटवले तर उतरलेल्या वजनातला सुमारे पाव हिस्सा चरबीचा नसतो, आणि त्यात मोठा वाटा स्नायूंचा असतो. तिशीत हे खपून जाते. सत्तरीत गेलेला स्नायू पुन्हा कमवायला फार कष्ट पडतात, आणि दरम्यान एखादे पडणे, एखादे खुब्याचे हाड मोडणे घडून जाते.

तिशीनंतर दर दहा वर्षांनी ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात. साठीनंतर हा वेग वाढतो आणि ताकद त्याहूनही झपाट्याने उतरते. त्याच काळात चरबीची जागा बदलते. ती कातडीखालून पोटाच्या आत, यकृतात आणि खुद्द स्नायूंच्या तंतूंमध्ये साठू लागते. म्हणून वीस वर्षे वजन ६५ किलोच असलेल्या माणसाचे शरीर आतून पूर्ण बदललेले असू शकते. पोट पुढे, मांड्या बारीक, दंडाची कातडी सैल अशी ही ठेवण गोव्यातल्या कुठल्याही वाड्यावर दिसते. डॉक्टर तिला सार्कोपेनिक ओबेसिटी म्हणतात: चरबी जास्त आणि स्नायू कमी, दोन्ही एकाच वेळी.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी मापे घ्यायची, मग ताकदीचे व्यायाम आणि प्रथिने सुरू करायची, आणि चार आठवड्यांनी हे दोन्ही अंगवळणी पडल्यावरच ताटातल्या कॅलरी कमी करायच्या. उलट्या क्रमाने गेल्यास काटा लवकर हलतो, पण जे राखायचे तेच जाते.

मापे कशी घ्यावीत

भारतीयांसाठी बीएमआय (किलोमधले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ पासून स्थूलता, असे मानतात. वय वाढल्यावर मात्र या आकड्यावर फार विसंबू नये. मणके दबतात, पाठ वाकते, उंची घटते. १६० सेंटिमीटर उंचीच्या, ६८ किलोच्या बाईचा बीएमआय २६.६ येतो. तिचीच उंची १५५ झाली की वजनात फरक नसताना तो २८.३ होतो. दुसरीकडे, तीन किलो स्नायू जाऊन तीन किलो चरबी आली तर बीएमआय जागचा हलतसुद्धा नाही.

कंबरेचे माप जास्त बोलते, पण ते बहुतेक घरांत चुकीच्या जागी घेतात. शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी बोटाने चाचपा, मग बाजूला कंबरेच्या हाडाचा वरचा काठ शोधा, आणि या दोघांच्या मधोमध पेनाने खूण करा. बेंबीवरून माप घेऊ नका. पोट सुटलेल्या माणसाची बेंबी खाली सरकलेली असते. साडीची गाठ, लुंगी, पट्टा बाजूला करून टेप थेट कातडीवर ठेवा. ती सगळीकडून जमिनीला समांतर आहे ना, हे दुसऱ्या माणसाने मागून पाहायचे. श्वास सहज सोडल्यावर आकडा वाचा. पोट आत ओढू देऊ नका. दोनदा घ्या, एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा घ्या. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० ओलांडले की पोटात चरबी जास्त आहे असे धरा. दुसरी सोपी कसोटी म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी.

स्नायूंसाठी तीन चाचण्या घरी होतात. त्यांचे आकडे आशियाई लोकांसाठी २०१९ मध्ये तज्ज्ञांच्या गटाने ठरवलेले आहेत.

खुर्चीची चाचणी सगळ्यांत उपयोगी. बसण्याची उंची साधारण ४३ ते ४५ सेंटिमीटर असलेली, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवा. प्लास्टिकची बागेतली खुर्ची नको, ती घसरते आणि वाकते. दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवून पाच वेळा पूर्ण उभे राहायचे आणि बसायचे. पहिल्या हालचालीला घड्याळ सुरू करा, पाचव्यांदा सरळ उभे राहिल्यावर थांबवा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांची ताकद कमी आहे. हात न टेकता एकदाही उठता आले नाही, तर तोच निकाल समजा. जोर करून पडू नका.

चालण्याची चाचणी: सपाट जागेवर सहा मीटर मोजून खडूने दोन रेघा मारा. पडवी अपुरी पडली तर देवळाचे प्रांगण घ्या. पहिल्या रेघेच्या दोन मीटर आधीपासून नेहमीच्या चालीने चालत या आणि दुसऱ्या रेघेच्या पुढेपर्यंत जा. सहा मीटरला सहा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर चाल मंदावली आहे.

तिसरे माप पोटरीचे. बसून, गुडघा काटकोनात, पोटरीच्या सगळ्यांत जाड भागावर टेप लावा, पण आवळू नका. पुरुषांत ३४ आणि बायकांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर स्नायू घटल्याचा संशय घ्यावा. इथे दोन फसगती आहेत. पाय सुजत असतील तर माप खोटे मोठे येते, म्हणून सकाळी उठल्यावर घ्या. आणि अंगावर चरबी भरपूर असेल तर पोटरी जाड असूनही आत स्नायू कमी असू शकतो. अशा माणसाच्या बाबतीत खुर्चीची चाचणी काय सांगते त्यावर विश्वास ठेवा.

इस्पितळात मुठीची पकड मोजायचे यंत्र असते. पुरुषांत २८ किलोंपेक्षा आणि बायकांत १८ किलोंपेक्षा कमी पकड म्हणजे कमकुवतपणा. नेमकी चरबी आणि स्नायू मोजायला डेक्सा स्कॅन आहे, पण सुरुवात करायला त्याची गरज नाही. चरबीचे टक्के दाखवणारे घरगुती काटे अंगातून बारीक वीजप्रवाह सोडून अंदाज बांधतात. पाणी कमी प्यालात, नुकतेच जेवलात किंवा पाय ओले असले की त्यांचा आकडा बदलतो. पेसमेकर बसवलेल्यांनी ते वापरू नयेत.

वजन आठवड्यातून एकदाच करा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, काटा लादीवर ठेवून. चटईवर ठेवलेला काटा चुकतो. आदल्या दिवशी खारे किंवा सुकी मासळी खाल्ली तर पाण्यामुळे किलोभर वाढ दिसते, ती चरबी नव्हे. हृदय कमकुवत असलेल्यांचे वजन तीन दिवसांत दोन किलोंनी वाढले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

कोणी वजन उतरवू नये

प्रत्येक पोट सुटलेल्या ज्येष्ठाला वजन उतरवायची गरज नसते, आणि हे ठामपणे सांगायला हवे. वय पंचाहत्तरच्या पुढे, बीएमआय २५ ते २७, साखर आणि रक्तदाब ताब्यात, पण खुर्चीच्या चाचणीला १५ सेकंद लागतात, अशा व्यक्तीने फक्त ताकद आणि प्रथिने वाढवावीत. भाताला हात लावू नये. नुकतेच इस्पितळातून आलेल्यांनीही दोन-तीन महिने थांबावे. निरोगी ज्येष्ठांना नुसते दहा दिवस खाटेवर झोपवून पाहिलेल्या एका अभ्यासात त्यांच्या पायांतून सुमारे एक किलो स्नायू गेला होता. मग न्यूमोनियातून उठलेल्याचे काय होत असेल, याचा अंदाज करावा.

आणि काहीही न करता सहा महिने ते वर्षभरात पाच टक्के वजन उतरले (६० किलोंच्या माणसाचे तीन किलो) तर आनंद मानू नका, तपासणी करून घ्या. थायरॉइड, वाढलेली साखर, क्षयरोग, कर्करोग, नैराश्य यांपैकी काहीही त्यामागे असू शकते.

सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून चार गोष्टी करून घ्याव्यात: क्रिएटिनिन म्हणजे किडनीची तपासणी, थायरॉइड, ब जीवनसत्त्व १२ आणि ड जीवनसत्त्व. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-१२ कमी होते, त्याने पाय बधिर होतात आणि तोल जातो. त्याला व्यायामाचा उपाय नाही. गोळ्यांची पिशवी जशीच्या तशी घेऊन जा. इन्सुलिन, ग्लिमेपिराइड, प्रेगाबालिन, अमिट्रिप्टिलिन, मिर्टाझापिन यांनी वजन वाढू शकते, आणि स्टिरॉइडच्या गोळ्या तर चरबी वाढवून स्नायू खातात. कुठलीही गोळी स्वतःहून थांबवू नये, पर्याय आहे का एवढे विचारावे.

व्यायाम: ताकद आधी, चालणे नंतर

सकाळचे चालणे चांगलेच. पण पणजीत मिरामारच्या किनाऱ्यावर रोज तासभर फेरी मारणाऱ्यालाही खुर्चीतून उठताना त्रास होऊ शकतो, कारण सपाटीवर चालण्याने मांडीच्या पुढच्या स्नायूंवर पुरेसा भार पडत नाही. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या १६० स्थूल व्यक्तींवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्यायाम करणाऱ्या तिन्ही गटांनी सहा महिन्यांत सुमारे नऊ टक्के वजन उतरवले. नुसता चालण्यासारखा दमश्वासाचा व्यायाम करणाऱ्यांचे चरबीविरहित वजन पाच टक्क्यांनी घटले, वजने उचलणाऱ्यांचे दोन टक्क्यांनी, दोन्ही करणाऱ्यांचे तीन टक्क्यांनी. रोजच्या कामांची क्षमता मात्र दोन्ही करणाऱ्यांत सगळ्यांत जास्त सुधारली, २१ टक्क्यांनी. म्हणजे दोन्ही हवेत.

ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. सोमवार, बुधवार, शुक्रवार धरा. सामान फारसे लागत नाही: भिंतीला टेकवलेली खुर्ची, एक लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या, दोन किलो तांदूळ भरलेली कापडी पिशवी, स्वयंपाकघरातला ओटा, आणि घराची पहिली पायरी.

१. खुर्चीतून उठणे-बसणे. पाय खांद्यांइतके अंतर ठेवून, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. पुढे झुकून उठा, बसताना मनात तीनपर्यंत मोजत सावकाश या. सावकाश बसणे हाच अर्धा व्यायाम आहे; धपकन बसलात तर तो वाया गेला.
२. भिंतीला टेकून जोर. हात खांद्याच्या उंचीवर, पाय भिंतीपासून दोन-अडीच फूट लांब.
३. ओट्याला धरून टाचा वर करणे. वर दोन मोजेपर्यंत थांबा.
४. पिशवी ओढणे. एक हात ओट्यावर टेकवून कंबरेतून झुका, दुसऱ्या हातात तांदळाची पिशवी, कोपर मागे नेत पिशवी बरगडीपर्यंत आणा.
५. पायरी चढणे-उतरणे. कठडा धरून, एकाच पायाने आठ वेळा, मग दुसऱ्याने.
६. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, ढुंगण उचलणे. जमिनीवर बसता येत नसेल तर हे खाटेवर करावे.

प्रत्येक व्यायाम ८ ते १२ वेळा, मिनिटभर थांबून पुन्हा एकदा. तिसऱ्या आठवड्यापासून जमत असेल तर तीन फेऱ्या. भार बरोबर आहे की नाही ते असे ओळखावे: शेवटच्या दोन वेळा अवघड गेल्या पाहिजेत, पण ढब बिघडता कामा नये. बारा वेळा सहज होत असेल तर व्यायाम संपला असे नव्हे, भार वाढवायची वेळ आली. उठण्या-बसण्यासाठी छातीशी बाटली धरा, मग दोन, मग पिशवी. ज्यांना हात न टेकता उठताच येत नाही त्यांनी खुर्चीवर दोन घट्ट उश्या ठेवून सुरुवात करावी आणि दर दोन आठवड्यांनी एक उशी काढावी. बहुतेकांची प्रगती इथेच अडते: तीच बाटली, त्याच दहा वेळा, वर्षभर. भार वाढला नाही तर स्नायूला वाढायचे कारण उरत नाही.

श्वास कोंडू नका. उठताना, ओढताना सोडा. कोंडलेल्या श्वासाने रक्तदाब एकदम चढतो. गुडघ्यात कुरकुर, थोडे दुखणे चालेल. दुखणे दुसऱ्या दिवशीही वाढलेले राहिले तर खुर्चीची उंची वाढवा, व्यायाम सोडू नका. गुडघ्याच्या संधिवाताला मांडीचा मजबूत स्नायू हाच खरा आधार असतो. छातीत दाब, घेरी, घाम फुटणे, बोलता येणार नाही इतकी धाप, किंवा एकाच पोटरीला सूज आणि दुखणे यांपैकी काही झाले तर तिथेच थांबून डॉक्टरांना गाठावे. अलीकडे हृदयविकाराचा झटका आलेला असेल, रक्तदाब १८०/११० च्या वर असेल, हर्निया असेल, डोळ्याच्या पडद्यावर उपचार झाले असतील, तर डॉक्टरांच्या होकाराशिवाय वजने उचलू नयेत. गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) फिजिओथेरपी विभागात किंवा गावातल्या फिजिओथेरपिस्टकडे एकदा हे सहा व्यायाम समोर करून दाखवून, ढब तपासून घेतली तर फार फायदा होतो.

तोलाचे काम रोज, दोन मिनिटे. ओट्याजवळ उभे राहून एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावा आणि दहा सेकंद थांबा. हळूहळू तीस सेकंदांपर्यंत न्या, मग एका पायावर. हात ओट्याच्या वर तरंगता ठेवा, म्हणजे गरज पडली तर पकडता येतो.

चालण्यासाठी आठवड्याला १५० मिनिटे हे लक्ष्य. दहा-दहा मिनिटांचे तुकडे चालतात. वेग असा की बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. एप्रिल-मे महिन्यात आठनंतर बाहेर पडू नका. दमट उन्हात घाम सुकत नाही आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना घेरी येते. किनाऱ्यावर चालायचे तर ओहोटीच्या घट्ट ओल्या वाळूवर. भुसभुशीत वाळूत घोटा मुरगळतो. पणजीत कांपालचा पदपथ किंवा आल्तिनोचे जॉगर्स पार्क बरे. फोंडा, सत्तरी, डिचोलीकडे गावात चढ-उतार असतात. चढ फायद्याचा, उतार गुडघ्यांना जड, म्हणून उतारावर पावले लहान ठेवा. पावसाळ्यात अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरते. जून ते सप्टेंबर घरातच फेऱ्या माराव्यात आणि पायरीचा व्यायाम दुप्पट करावा. रबरी चपलांवर व्यायाम करू नये, मागून बंद असलेले, खाली खाचा असलेले बूट घाला.

आणि घरच्यांसाठी एक विनंती. "तुम्ही बसा, मी करते" या मायेने बरेच ज्येष्ठ खुर्चीला खिळतात. विहिरीचे नसेल, पण नळाचे पाणी भरणे, नारळ सोलणे, झाडांना पाणी घालणे, बाजारातून पिशवी आणणे ही कामे त्यांच्याकडेच राहू द्या.

ताट: आधी प्रथिने वाढवा

निरोगी ज्येष्ठाला रोज किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात, आजारातून उठताना १.५ पर्यंत. स्थूल माणसाने काट्यावरचे वजन न धरता सेंटिमीटरमधल्या उंचीतून १०० वजा करून येणारा आकडा धरावा. उंची १५५ असेल तर ५५, गुणिले १.२, म्हणजे ६६ ग्रॅम. किडनीचा विकार असलेल्यांनी हा आकडा स्वतः ठरवू नये.

गोव्यातल्या घरात मासळी असूनही ज्येष्ठांना प्रथिने कमी का पडतात? कारण ती सगळी दुपारी येतात. सकाळी चहा-पाव किंवा पेज-लोणचे, दुपारी शीत-हुमण (भात आणि माशाची आमटी) आणि बांगडा, संध्याकाळी चहा-बिस्किटे, रात्री पुन्हा पेज. सकाळ आणि रात्र कोरडी जाते. उतारवयात स्नायू अन्नाला कमी दाद देतो, त्याला एका बैठकीत २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळाली तरच तो नीट घडतो. म्हणून तीनही वेळा वाटणी हवी.

मासे खाणाऱ्यांचा एक दिवस असा बसतो. सकाळी दोन अंडी, एक पोई (कोंड्याचा गोवेकरी पाव) आणि कपभर दूध: २२-२३ ग्रॅम. दुपारी किलोला पाच-सहा येतात तसा एक बांगडा (साफ केल्यावर खाण्याजोगे मांस ९० ते १०० ग्रॅम, त्यात १८-१९ ग्रॅम प्रथिने), दीड वाटी उकड्या तांदळाचा भात, भाजी: २३-२४. संध्याकाळी मूठभर भाजलेले चणे: ६. रात्री अळसांद्यांचे (चवळीचे) किंवा मुगाचे तोणाक, म्हणजे नारळ वाटून केलेली उसळ (माणशी ४० ग्रॅम कोरडे कडधान्य), एक चपाती, वाटीभर दही: १७-१८. बेरीज सत्तरच्या जवळ जाते. तारले स्वस्त आणि तितकेच चांगले. त्यांचे मऊ काटे चावून खाल्ले तर कॅल्शियमही मिळते.

शिवराक (शाकाहारी) दिवशी मासळीच्या जागी नुसती भाजी आणि सोलकढी आली की प्रथिने निम्म्यावर येतात. त्या दिवशी पनीर ७५ ग्रॅम (१३-१४ ग्रॅम प्रथिने) किंवा सोयाचे कोरडे तुकडे २५ ग्रॅम (तेवढीच) तोणाकात घाला. श्रावणात ही काळजी महिनाभर घ्यावी लागते. उपवासाचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. एकादशीला दही, दूध, शेंगदाणे, राजगिरा यांवर भर द्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा अंडी आणि कडधान्ये वाढवा. सुके बांगडे, सुकी सुंगटे प्रथिनांनी भरलेली असतात, पण मिठाने त्याहून जास्त. पाणी बदलत अर्धा तास भिजवली तरी रक्तदाबवाल्यांनी ती किसमुरीपुरतीच (सुक्या मासळीच्या कोशिंबिरीपुरतीच) ठेवावीत.

दात नीट नसतील तर वरचे सगळे कागदावरच राहते. कवळी सैल झाली की माणूस न सांगता मासे, चणे, उसळी सोडतो आणि पेज, पाव, बिस्किटांवर येतो. वजन वाढते आणि स्नायू घटतो. आधी दंतवैद्याकडे जा. तोवर मऊ शिजवलेली मूगडाळ, अंड्याची भुर्जी, वाफवलेला मासा, पेजेत दोन मोठे चमचे स्निग्धांशविरहित दूधभुकटी (सुमारे ५ ग्रॅम प्रथिने) असे चालवा.

मग कॅलरी कमी करा

चार आठवडे झाले, उठणे-बसणे सुधारले, प्रथिनांचा आकडा गाठला, की रोजच्या खाण्यातून ३०० ते ५०० कॅलरी काढा. त्याहून जास्त नको, आणि एकूण खाणे बाराशेच्या खाली तर मुळीच नको. आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरले की पुरे. सहा महिन्यांत पाच टक्के हे चांगले लक्ष्य आहे.

कुठून काढायच्या ते मोजून पाहा. शिजलेल्या भाताची १५० ग्रॅमची वाटी साधारण २०० कॅलरी. तीनच्या दोन वाट्या केल्या की काम निम्मे झाले. चहाचे तीन कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे १२० कॅलरी. मोठा चमचा तेल १२० कॅलरी. रवा लावून मासा तेलात बुडवण्याऐवजी तव्यावर चहाच्या चमच्याएवढ्या तेलात भाजा. ओला नारळ शंभर ग्रॅमला ३५० कॅलरींच्या आसपास असतो. हुमणातून नारळ काढून टाका असे सांगणारा गोव्यात टिकणार नाही, आणि गरजही नाही. अर्ध्या नारळाऐवजी पाव नारळ घ्या, तिरफळ, सोलां (आमसुले), हळद तीच ठेवा. भाजीवरचा नारळ मात्र पूर्ण बंद करा. सोलकढीऐवजी फुटी कढी (नारळाच्या रसाशिवायची). ६० मिलिलिटर फेणीत सुमारे १४० कॅलरी असतात, सोबतच्या गोड सोड्याच्या वेगळ्या. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्याने रिकाम्या पोटी फेणी घेतली तर साखर धोकादायक खाली जाते, आणि रात्री स्नानघरात जाताना पडण्याचा धोका असतोच.

चवथीच्या दिवसांत नेवऱ्या, पातोळ्या होणारच. त्या आठवड्यात वजन उतरवायचा प्रयत्न सोडा, व्यायाम आणि प्रथिने सोडू नका.

रात्रीचे जेवण तोडणे, फळांच्या रसावर राहणे, सूपवर आठवडे काढणे हे ज्येष्ठांनी करू नये. वजन झपाट्याने उतरते, मग परत येते. परत येताना चरबी जास्त आणि स्नायू कमी येतो, त्यामुळे प्रत्येक फेरीत माणूस आधीपेक्षा दुबळा होतो. सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड या वजन उतरवण्याच्या इंजेक्शनांनाही हेच लागू. भूक इतकी कमी होते की प्रथिनेही खाल्ली जात नाहीत. डॉक्टरांनी दिली असतील तर ताकदीचा व्यायाम त्याच आठवड्यात सुरू व्हावा आणि ताटात आधी मासा, अंडे, डाळ खावी, भात शेवटी.

खाणे कमी केले की रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्यांचा डोस जास्त ठरू शकतो. पहिले सहा आठवडे आठवड्यातून दोनदा साखर, आणि रक्तदाब एकदा बसून व एकदा उभे राहून मिनिटाने मोजा. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० नी किंवा जास्त पडला, किंवा साखर ७० च्या खाली गेली, तर डोस बदलून घ्यायला जा.

आकडे काय सांगतात

कंबर, खुर्ची आणि चाल दर चार आठवड्यांनी, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. कंबर कमी आणि खुर्चीचे सेकंद कमी होत असतील तर वजन जागचे न हलले तरी चरबी जाऊन स्नायू येत आहे. काही बदलू नका. वजन कमी होतेय पण खुर्चीचे सेकंद वाढताहेत, तर भाताची वाटी परत आणा, प्रथिने मोजून पाहा, महिनाभर वजन उतरवणे थांबवा. तिन्ही आकडे आठ आठवडे जागच्या जागी असतील तर बहुधा भार वाढवलेला नसतो, किंवा चहाबरोबरची बिस्किटे हिशेबात धरलेली नसतात. आठवडाभर तोंडात गेलेले सगळे, चमच्याचमच्याने, वहीत लिहा आणि ती वही घेऊन आहारतज्ज्ञाकडे जा.